सैनिकाच्या पायाखालची बैठक

दिवाळी जवळ आली की महाराष्ट्रातल्या अनेक घरांच्या अंगणात दगड, माती आणि गोणपाटाचा किल्ला उभा राहतो. बुरुज झाले, उतारावर मोहरी-अळीव पेरून झाले, की माळ्यावरचे खोके खाली येते आणि गेल्या वर्षीचे मावळे बाहेर निघतात. एखाद्याची तलवार मोडलेली असते, एखाद्याचा रंग उडालेला असतो. मुले त्यांना पुन्हा रंग देतात आणि पहाऱ्यावर उभे करतात. सिंहासनावरचे महाराज बुरुजापेक्षा उंच असतात आणि पायथ्याशी मावळ्याएवढाच वाघ बसलेला असतो. प्रमाणाची चौकशी कोणी करत नाही, आणि करूही नये.

हाच खेळ प्रमाणाचा हट्ट धरून खेळणारी मोठी माणसे जगात पुष्कळ आहेत. त्यांच्या खेळाला ऐतिहासिक युद्धखेळ म्हणतात. एखादी खरी लढाई निवडायची, तिथली जमीन टेबलावर उभी करायची, दोन-तीन सेंटिमीटर उंचीच्या रंगवलेल्या सैनिकांच्या पलटणी मांडायच्या आणि ठरलेल्या नियमांनी ती लढाई पुन्हा लढायची. या खेळाडूंच्या आवडीच्या लढायांत आपल्या जालना जिल्ह्यातली एक लढाई आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेली असईची लढाई.

अशा एका लढाईला शेकडो सैनिक लागतात. सगळे नवे घेऊन रंगवायचे तर वर्षे जातात. म्हणून कित्येक जण दुसऱ्याने रंगवलेले जुने सैनिक विकत घेतात, साफ करतात, मोडतोड दुरुस्त करतात आणि त्यांच्या पायाखालची बैठक बदलतात. साफसफाई आणि दुरुस्ती आपल्याला समजते. पण घट्ट चिकटलेली बैठक उखडून दुसरी कशासाठी लावायची? या साध्या प्रश्नाच्या उत्तरात थोडी भूमिती आहे, थोडे रसायनशास्त्र आहे, आणि इतिहास लिहिणाऱ्या कोणालाही न टळणारा एक प्रश्न आहे.

ठोकळ्यांपासून सुरुवात

१८१२ साली प्रशियातील राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या राजाला एक युद्धखेळ भेट दिला. त्याच्या मुलाने तो सुधारून १८२४ साली नियमांसह प्रसिद्ध केला. बुद्धिबळात घोडा आणि प्यादे सारखीच जागा अडवतात. राइसविट्झच्या खेळात तसे नव्हते. १:८००० प्रमाणाचा खरा नकाशा अंथरायचा आणि त्यावर लहान ठोकळे मांडायचे. ठोकळ्याची लांबी मनाला येईल ती नसे. खरी पलटण रणांगणावर जेवढी लांब पसरते, तिचा आठ हजारावा भाग म्हणजे ठोकळ्याची लांबी. त्यामुळे पूल अरुंद असेल तर ठोकळाही तिथे अडे. प्रशियाच्या सैन्याने हा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला.

खेळण्यातले सैनिक या वाटेवर नंतर आले. इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ पासून आतून पोकळ असे शिशाचे सैनिक काढले. १९१३ साली एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने अशा सैनिकांनी खेळायच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने छापले. आजच्या खेळात सैनिक शोभेसाठी असतो, पण हिशेब ठोकळ्याचाच असतो. फरक एवढाच, की ठोकळ्याची जागा आता बैठकीने घेतली आहे. आठ-दहा सैनिक ज्या पट्टीवर उभे असतात, त्या पट्टीची लांबी म्हणजे पलटणीची लांबी. पहिल्या मालकाचे प्रमाण वेगळे असेल तर त्याची पट्टी नव्या मालकाच्या नकाशावर बसत नाही. बैठक बदलावी लागते ती यासाठी.

शिसे आणि सफेदा

जुना सैनिक हातात आला की आधी त्याची प्रकृती पाहावी लागते. असे सैनिक बहुधा शिसे, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रधातूचे ओतीव काम असते. छापखान्यातले जुने खिळे याच तीन धातूंचे असत. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते, पण कथील मिसळले की मिश्रण त्याहून कमी तापमानाला वितळते. अँटिमनीमुळे ते कठीण होते आणि थिजताना फार आकसत नाही. त्यामुळे साच्यातला कोटाचा गुंडासुद्धा स्वच्छ उमटतो.

या सैनिकांचा खरा शत्रू म्हणजे बंद लाकडी कपाट. लाकूड आणि पुठ्ठा यांतून ॲसेटिक आम्लाची वाफ हळूहळू सुटत असते. ती शिशावर क्रिया करून लेड ॲसेटेट बनवते. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प यांमुळे त्याचे पांढऱ्या कार्बोनेटमध्ये रूपांतर होते. रंगाच्या दुकानात पूर्वी मिळणारा सफेदा तो हाच. या क्रियेत ॲसेटिक आम्ल पुन्हा मोकळे होते आणि पुढच्या शिशाला लागते. म्हणून एकदा सुरू झालेला हा रोग थोड्याशा आम्लावरही चालू राहतो आणि सैनिक आतून भुसभुशीत होतो. कोरडी, हवेशीर जागा आणि लाकडाऐवजी धातूचा किंवा चांगल्या प्लास्टिकचा डबा हा त्यावरचा साधा उपाय. नवी बैठकही लाकडी चुऱ्याच्या फळीची करण्यापेक्षा प्लास्टिकची किंवा पातळ पत्र्याची करणे बरे.

जुनी बैठक काढताना आधी चिकटवलेले काय आहे ते ओळखायचे. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद असेल तर कोमट पाण्यात तो मऊ पडतो. झटपट चिकटणारा गोंद असेल तर सैनिक काही तास बर्फाच्या कप्प्यात ठेवतात. थंडीने गोंद ठिसूळ होतो आणि पातळ पाते सरकवले की सुटतो. मोडलेली संगीन बारीक तारेने जोडतात. रंग जिथे उडाला असेल तिथेच लावतात आणि शेवटी चमक नसलेल्या वॉर्निशचा हात देतात.

इथे शिक्षकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. शिसे आणि त्याचा पांढरा चुरा विषारी आहे, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा धोका सर्वांत जास्त. जुने शिशाचे सैनिक शाळेत घासायला किंवा रंगवायला देऊ नयेत. वर्गासाठी शाडूची माती आणि पुठ्ठा पुरेसा आहे.

असईचे मैदान

आता बैठकीचे गणित प्रत्यक्ष मैदानावर लावून पाहू. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याच्या उत्तर भागात केळणा आणि जुई या नद्या जवळजवळ येऊन मिळतात. त्यांच्यामधली जमीन जिभेच्या आकाराची आहे आणि जुईच्या काठी असई गाव आहे. १८०३ च्या सप्टेंबरात दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांच्या फौजा या परिसरात होत्या. शिंद्यांचे कवायती पायदळ सुमारे १०,८०० होते आणि तोफा शंभरच्या आसपास. त्यांचा सेनापती पोलमन हा हॅनोव्हरचा. सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणीही त्याच्याबरोबर होत्या.

इंग्रजांचे दोन सरदार, आर्थर वेलस्ली आणि स्टीव्हन्सन, २१ सप्टेंबरला बदनापूरला भेटले आणि २४ तारखेला दोन बाजूंनी मिळून हल्ला करायचे ठरले. पण २३ तारखेलाच वेलस्लीला शत्रू समोर दिसला आणि स्टीव्हन्सनची वाट न पाहता तो पुढे सरकला. मैसूर आणि पेशवे यांचे घोडदळ सोडले तर त्याच्याजवळ सुमारे साडेचार हजार माणसे होती. पोलमनची रांग केळणेच्या पलीकडे दक्षिणेला तोंड करून उभी होती. नदीला उतार नाही असे वाटाड्ये सांगत होते. वेलस्लीला मात्र दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली, पिंपळगाव आणि वरूड. समोरासमोरच्या गावांत ये-जा असणारच, म्हणजे उतारही असणारच, असा त्याने तर्क केला आणि तो बरोबर निघाला. त्याचे सैन्य पूर्वेकडून जिभेत शिरले. पोलमनने आपली सगळी रांग पूर्वेकडे वळवली. संध्याकाळपर्यंत मैदान इंग्रजांचे झाले, पण त्यांचे ४२८ ठार आणि १,१३८ जखमी झाले. मराठ्यांचे काही गोलंदाज तोफांजवळ मेल्यासारखे पडून राहिले आणि इंग्रज पुढे जाताच त्यांनी तोफा फिरवून मागून मारा केला.

बैठकीचे गणित

रांगेत खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या शिपायाला सुमारे ५५ सेंटिमीटर जागा लागते. पाचशे जणांची पलटण दोन ओळींत उभी केली तर समोर २५० जण येतात. २५० गुणिले ०.५५ म्हणजे सुमारे १३८ मीटर. टेबलावर एक मीटरला एक मिलिमीटर धरला तर बैठक १३.८ सेंटिमीटरची हवी.

आता पोलमनचे १०,८०० शिपाई तीन ओळींत उभे करा. समोर ३,६०० येतात आणि रांग १,९८० मीटर होते. तोफांची जागा वेगळीच. दोन नद्यांमधली जागा होती सुमारे एक मैल, म्हणजे १,६०० मीटर. सगळे सैन्य एका रांगेत मावणे शक्य नव्हते. समकालीन वर्णनात असईपासून जुईच्या काठाने मागे वळलेल्या दुसऱ्या रांगेचा उल्लेख येतो, त्याचा अर्थ या आकडेमोडीमुळे लागतो. अरुंद जागेत संख्येचा फायदा पुरा मिळत नाही हे पाठ्यपुस्तकातले वाक्य इथे मोजून दाखवता येते.

पोलमनच्या वळणाचेही तसेच. मैलभराची रांग दारासारखी एका टोकावर फिरवायची तर दुसऱ्या टोकाला पाव वर्तुळ, म्हणजे अडीच किलोमीटर चालावे लागेल. मिनिटाला पंचावन्न मीटर चालले तर पाऊण तास. म्हणून असे वळण एकसंध रांगेने घेत नाहीत, एकेक पलटण स्वतंत्र चालवून घेतात. कवायत किती पक्की होती ते यावरून कळते. खेळात हे दाखवायचे तर प्रत्येक पलटणीची बैठक सुटी हवी.

एक खोटेपणा मात्र बैठकीत राहतोच. दोन-तीन ओळींची खरी जाडी चार-पाच मीटर, म्हणजे टेबलावर चार-पाच मिलिमीटर. एवढ्याशा जागेत सैनिक उभा राहत नाही. म्हणून बैठक तीन-चार सेंटिमीटर रुंद करतात आणि तिथे ती पलटण चाळीस मीटर जाडीची होते. भूगोलाच्या उठावाच्या नकाशात आपण डोंगर मुद्दाम उंच करतो, तसेच हे. प्रतिकृती एका दिशेने खरी राहावी म्हणून दुसऱ्या दिशेने खोटी होते. कोणत्या दिशेने, हे माहीत असले की पुरे.

माती कोणती, माणसे कोणती

बैठकीवर वाळू चिकटवून जमीनही रंगवतात. युरोपातून आलेल्या जुन्या सैनिकांच्या पायाखाली बहुधा तिथली हिरवळ असते. असईला काळी माती हवी, मधून डोकावणारा काळा कातळ हवा आणि सप्टेंबर असल्याने बाजरी-ज्वारीची उभी पिके हवीत.

त्याहून मोठा प्रश्न माणसांचा. इंग्रज बाजू मांडायची म्हणून गोऱ्या चेहऱ्यांचे लाल डगलेवाले सैनिक विकत घेतले तर लढाई चुकते. त्या दिवशी रांगेत उतरलेल्या सहा पायदळ पलटणींपैकी चार मद्रासच्या शिपायांच्या होत्या आणि घोडदळाच्या चारपैकी तीन रेजिमेंट मद्रासच्याच. आजच्या भारतीय सेनेतील मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर असईचा हत्ती आहे तो या लढाईमुळे. उलट बाजूला सेनापती आणि कित्येक अधिकारी युरोपीय होते. इंग्रज विरुद्ध मराठे असे दोन रंग वर्गात फळ्यावर काढणे सोपे असते. सैनिकांची खरी वाटणी करायला बसलो की ते दोन रंग पुरत नाहीत.

सिबोर्नचे सैनिक

सैनिक कुठे आणि किती उभे करायचे, यावरून मोठे वाद झाले आहेत. त्यातल्या एका वादात असईचा हाच वेलस्ली होता. तोवर तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला होता आणि १८१५ साली वॉटर्लूला त्याने नेपोलियनचा पराभव केला होता. १८३० साली विल्यम सिबोर्न या अधिकाऱ्याला वॉटर्लूची प्रतिकृती करायचे काम मिळाले. त्याने तिथे आठ महिने राहून जमीन मोजली आणि संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची पलटण कुठे होती, समोर कोण होते, असे हयात अधिकाऱ्यांना पत्राने विचारले. १८३८ साली लंडनला प्रतिकृती मांडली तेव्हा तिच्यात सत्तर हजारांहून अधिक छोटे सैनिक होते. मदतीला आलेले प्रशियाचे सैन्य त्या वेळी तिथे एवढ्या संख्येने, एवढे पुढे नव्हते, असे वेलिंग्टनचे म्हणणे होते. काही मिलिमीटर उंचीच्या सैनिकांवरून भांडण पेटले, कारण त्यांच्या जागेवरून विजयाचे श्रेय ठरणार होते. ती प्रतिकृती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

लिहिणाऱ्याला वाक्य मोघम ठेवता येते. ‘मराठ्यांचे प्रचंड सैन्य नदीकाठी पसरले होते’ असे लिहिले की भागते. बैठक मांडणाऱ्याला ती सवलत नाही. किती, कुठे, कोणत्या दिशेला तोंड करून, हे त्याला ठरवावेच लागते आणि ठरवले की कोणीही फूटपट्टी घेऊन तपासू शकते.

वर्गात करून पाहा

ड्रॉइंगच्या कागदावर १:५००० प्रमाण घ्या, म्हणजे एक मिलिमीटरला पाच मीटर. दोन नद्या एकमेकींपासून ३२ सेंटिमीटरवर काढा. इंग्रज बाजूसाठी २८ मिलिमीटर लांबीच्या सहा पट्ट्या कापा. पोलमनसाठी सहाशे शिपायांची एक याप्रमाणे २२ मिलिमीटरच्या अठरा पट्ट्या करा. आधी त्या केळणेच्या काठाने दक्षिणेकडे तोंड करून ठेवा. मग गटातल्या एकाने इंग्रज पट्ट्या पूर्वेकडून आत आणाव्यात आणि दुसऱ्याने मराठ्यांची रांग वळवावी. अठरा पट्ट्यांची लांबी ३९.६ सेंटिमीटर होते आणि जागा आहे ३२. उरलेल्या पट्ट्या कुठे ठेवायच्या, हे मुलांना ठरवू द्या आणि प्रत्येकाला आपल्या मांडणीचे कारण वहीत लिहायला सांगा.