उंची शिसपेन्सिल : रोजच्या लेखनाचे साधन

शाळा सुटली की पेन्सिलही सुटते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. पुढे बॉलपेन आणि मोबाईल हाती आल्यावर लाकडी पेन्सिल बहुधा चित्रकार, सुतार आणि लहान मुले यांच्यापुरतीच उरते. तरीही उत्तम प्रतीच्या पेन्सिलीने रोजचे लेखन करणारा एक वर्ग जगभर आहे. अशा एका परदेशी पेन्सिलीच्या किमतीत देशी पेन्सिलींची दहा नगांची पेटी सहज मिळते. हा जादा पैसा नेमका कशाचा, हे घेण्यापूर्वी समजून घेणे हिताचे.

कांडी आणि लाकूड

नाव शिसपेन्सिल असले तरी तिच्यात शिसे नसते; असते ते ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनचेच एक रूप. ग्रॅफाइटची पूड चिकणमातीत मळून भट्टीत भाजण्याच्या पद्धतीचे पेटंट फ्रान्सच्या निकोला-जाक कोंते यांनी १७९५ मध्ये घेतले. माती जास्त असेल तर कांडी कठीण व रेघ फिकी (एच). ग्रॅफाइट जास्त असेल तर कांडी मऊ व रेघ काळी (बी). उंची पेन्सिलीत हे मिश्रण अधिक बारीक आणि एकजीव असते, त्यामुळे ती कागद न खरवडता सरकते.

दुसरा भाग लाकडाचा. कॅलिफोर्निया व ओरेगॉन येथील इन्सेन्स सीडार हे हलके, सरळ रेषांचे लाकूड शार्पनरमध्ये न तुटता सोलले जाते. भारतीय कारखाने काश्मीरच्या पुलवामा भागातील पॉपलरच्या पट्ट्या मोठ्या प्रमाणावर वापरतात. कांडी बरोबर मध्यावर नसेल तर टोक एका बाजूने लाकडाचेच राहते. चांगल्या पेन्सिलीत हा दोष क्वचित आढळतो.

नामवंत पेन्सिली

जर्मनीतील फाबर-कास्टेलची परंपरा १७६१ पासूनची. तिची हिरवी ९००० ही पेन्सिल १९०५ मध्ये आली. हार्टमुथ कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या महागड्या पिवळ्या पेन्सिलीला भारतातील प्रसिद्ध हिऱ्यावरून कोहिनूर हे नाव दिले. जपानच्या मित्सुबिशीची हाय-युनी १९६६ मधील. ती १० एचपासून १० बीपर्यंत २२ प्रतींत मिळते. अमेरिकेतील ब्लॅकविंग ६०२ चे उत्पादन १९९८ मध्ये थांबले, तेव्हा शिल्लक नगांना प्रत्येकी कित्येक डॉलर मोजले जाऊ लागले. २०१० मध्ये दुसऱ्या कंपनीने ते नाव पुन्हा बाजारात आणले. महाराष्ट्रात दांडेकरांचे कॅम्लिन १९३१ पासून, तर हिंदुस्तान पेन्सिल्सची नटराज १९५८ पासून परिचित आहे.

रोजच्या वापरात

छत्रपती संभाजीनगरात पेन्सिलीच्या प्रती अनेकांना एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांमुळे ठाऊक असतात. लेखनासाठी मात्र निवड वेगळी करावी लागते. गुळगुळीत वहीवर एचबी किंवा बी योग्य. जवळच्या कागजीपुऱ्याची ओळख असलेल्या हातकागदासारख्या खरखरीत पृष्ठभागावर २ बी अधिक उठून दिसते, पण टोकही लवकर झिजते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात फाउंटन पेनाची निब सुकते आणि पावसात शाई फुटते. पेन्सिलीला दोन्हींची बाधा नाही. टिपणे, मसुदे, पुस्तकातील खुणा यांसाठी ती उत्तम. धनादेश, करारपत्र, सरकारी अर्ज यांसाठी मात्र शाईच हवी, कारण पेन्सिलीचा मजकूर खोडता येतो.

पेन्सिल जमिनीवर पडू देऊ नये. बाहेरून धड दिसली तरी आतील कांडीचे तुकडे होतात आणि मग प्रत्येक टोक काढताना गळून पडते. खिशात ठेवताना टोपण लावावे. शार्पनरचे पाते बोथट होताच बदलावे. बोथट पाते महागड्या लाकडाचाही चुरा करते. पेन्सिल हाताला आखूड पडू लागली की धातूच्या धारकात बसवून शेवटच्या बोटभर तुकड्यापर्यंत वापरता येते.

पुष्कळ जण अशी पेन्सिल भेट म्हणून मिळताच पेटीत जपून ठेवतात. परंतु तिच्यातील बारीक दळलेले ग्रॅफाइट आणि निवडक लाकूड यांचा गुण टोक काढून लिहिल्याखेरीज कळत नाही. हस्ताक्षर तिने सुधारत नाही; हाताला पडणारा जोर मात्र कमी होतो. रोज पानभरही लिहिणे होत नसेल, तर साधी देशी पेन्सिल पुरेशी आहे. ज्यांचे लेखन अधिक आहे, त्यांनी संपूर्ण पेटी घेण्याआधी एकच नग आणून तो संपेपर्यंत वापरून पाहावा.