लॅक्स्टनची बांधाविना शेती

श्रोतेहो, बांधावरून भाऊबंदकी कशी पेटते, हे तुम्हांला मी सांगायला नको. मोजणीदार येतो, खुणेचे दगड बसतात, आणि पुढच्या पेरणीला कुणाचा तरी नांगर पुन्हा वीतभर सरकतो. आज ज्या गावची हकीकत सांगणार आहे, तिथे मोठमोठ्या शेतांत बांधच नाहीत. एकाचा पट्टा संपला आणि दुसऱ्याचा लागला, मधे नांगराची एक सर, बस्स!

गाव इंग्लंडातले, नॉटिंगहॅमशायर परगण्यातले; नाव लॅक्स्टन. एक देवळासारखे जुने चर्च, नॉर्मन सरदारांच्या किल्ल्याची मातीची टेकडी, आणि डव्हकोट इन नावाची खाणावळवजा दारूची गुत्ती. इंग्लंडात शेतकऱ्याचे घर बहुधा शेतातच, एकटे असते. इथे मात्र आपल्यासारखी घरे गावातच, रस्त्याला लागून, आणि रान बाहेर.

हे रान तीन मोठ्या शेतांत वाटलेले आहे: वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. एका वर्षी एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातले पीक, तिसरे पड. पुढच्या वर्षी पाळी फिरते. अलीकडे पड रानात चाऱ्याचे पीकही घेतात. प्रत्येक कुळाचे पट्टे तिन्ही शेतांत विखुरलेले असतात. का? तर चांगली-वाईट जमीन सगळ्यांच्या वाट्याला यावी, आणि पड पडली तर ती एकट्याचीच पडू नये. जिथे नांगर चालत नाही अशा गवताळ पट्ट्यांना सायक्स म्हणतात. त्यांतल्या गवताचा लिलाव होतो.

मध्ययुगात इंग्लंडच्या मोठ्या भागात अशीच शेती होती. मग कुंपणे आली. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने कुंपण घालण्याचे पाच हजारांवर कायदे केले. पीक वाढले हे खरे, पण ज्याची एक गाय सामाईक रानात चरत होती, त्याची चराई गेली. लॅक्स्टन वाचले ते कसे? तिथल्या दोन बड्या जमीनदारांचे कुंपणाविषयी एकमत झाले नाही, असे सांगतात. भांडणाने गावाचे भले झाल्याचे उदाहरण विरळाच!

शिस्त राखायला तिथे गावचीच पंचायत आहे, तिला कोर्ट लीट म्हणतात. नोव्हेंबरच्या अखेरीस पंच मंडळी गव्हाच्या शेतात उतरतात. चिखल तुडवीत पट्टान् पट्टा पाहतात, हद्दीवर लाकडी खुंट्या ठोकतात. कुणी सामाईक वाटेत नांगर घातला असेल, शेजाऱ्याची सर खाल्ली असेल, तर टिपून घेतात. आठवड्याभराने डव्हकोटमध्ये कोर्ट भरते आणि दंड सांगितला जातो. दंड किरकोळ असतो. पण चारचौघांत नाव पुकारले जाते, आणि तेच झोंबत असावे असे मला वाटते. पंच म्हणजे तिथलेच शेतकरी. आज दुसऱ्याची सर मोजणारा उद्या स्वतः सापडू शकतो. १९७७ साली पार्लमेंटने देशातल्या अशा जुन्या कोर्टांचे अधिकार काढून घेतले, तेव्हा लॅक्स्टनला नाव घेऊन वगळले.

शिक्षक मंडळींसाठी एक गोष्ट. १६३५ साली मार्क पियर्स नावाच्या मोजणीदाराने या गावचा नकाशा काढला. त्यात पट्टे, घरे, इतकेच काय, नांगरणारी माणसेही आहेत. तो ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. ऑर्विन दांपत्याने १९३८ साली याच गावावर पुस्तक लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष इकडे वळले.

तरी चिंता आहेच. पट्टे पूर्वी फार लहान होते. विसाव्या शतकाच्या आरंभी जमीनदाराने ते जोडून मोठे केले, नाहीतर कुणाला परवडले नसते. कुळे कमी होत गेली आहेत. मालकही बदलत राहिले. १९५२ साली अर्ल मॅन्व्हर्स यांनी गाव शेतकी खात्याला विकले, ते १९८१ साली राजघराण्याच्या मिळकतीकडे, म्हणजे क्राउन इस्टेटकडे गेले. तिने विकायला काढल्यावर, आता नवा धनी कोर्ट राखील काय, हा प्रश्न उभा राहिला. २०२० साली ते थोर्सबी इस्टेटने घेतले, म्हणजे मॅन्व्हर्सच्याच घराण्याची मिळकत. जुन्या धन्याकडे गाव फिरून आले, आणि कोर्टही त्याच्याबरोबर आले.