पायात स्की, डोक्यावर पंख

मी मूळचा सास्तूरचा, पोटापाण्यासाठी कोड लिहितो. आमच्याकडं बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा. तरी गेल्या हिवाळ्यात आजीला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. पायात स्की, वर छोटं पॅराग्लायडर; माणूस बर्फावर घसरतोय, मधेच उडतोय. आजी म्हणाली, "हे कशापायी करत्यात रं?"

तर ऐका. १९६५ साली डेव्हिड बॅरिश या अमेरिकन इंजिनिअरनं स्वतः बनवलेला कापडी पंख घेऊन डोंगरउतारावरून उडी घेतली. उतार होता स्की रिसॉर्टचा! पुढच्या वर्षी तो रिसॉर्ट-रिसॉर्ट फिरला. म्हणायचा, उन्हाळ्यात उतार रिकामे असतात, हा खेळ चालवा. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मग १९७८ मध्ये फ्रान्सच्या मिउसी गावात तीन पॅराशूटवाल्यांनी विमानाचा खर्च वाचवायला डोंगरावरून धावत उड्डाण केलं. तिथून पॅराग्लायडिंग खरं रुजलं.

म्हणजे उन्हाळ्यासाठी सुचवलेला खेळ पुढं हिवाळ्यात शिरला. का? उडायला वेग लागतो. खोल बर्फात पाय रुततात, धावता येत नाही. स्की मात्र आपोआप वेग देते. आता थोडं बीटेक: वेग दुप्पट झाला की पंखाची उचल चौपट होते. म्हणून वेग असेल तर छोटा पंखही पुरतो. यातूनच २००० नंतर आल्प्समध्ये 'स्पीड रायडिंग' आलं. पुढं फ्रान्स्वा बाँ अशाच छोट्या पंखानं जवळपास सात हजार मीटर उंच अकोंकाग्वावरून पाच मिनिटांच्या आत खाली आला.

हे सगळं आजीला सांगितलं. तिनं एकच विचारलं, "आन् पंख मिटला तर?"

खोटं बोलवेना. म्हणलं, जमिनीच्या इतक्या जवळ सावरायला वेळच मिळत नाही.

आजी गप्प झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमच्या गावातली दगड-मातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. तिलाही तेव्हा वेळ मिळाला नव्हता. अजूनही ती थंडीतसुद्धा दाराला कडी लावू देत नाही.

शेवटी म्हणाली, "आधी नीट शीक. मग बघू."

म्हणून कामशेतला नाव घालतोय. तिथं बर्फ नाही, पायांनीच धावायचं. पहिला धडा जमिनीवर उभं राहून पंख सांभाळायचा. स्की नंतर.

तुमच्या घरी असं विचारणारं कोण आहे? नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!