न बुडालेले जहाज

दशरथाने शब्दवेधी बाण सोडला तो हत्ती पाणी पीत आहे असे समजून. लागला मात्र तो आंधळ्या आईबापांच्या एकुलत्या एका मुलाला. हा अपराध म्हणावयाचा की नुसती चूक, याचा काथ्याकूट मूळ कथेत फारसा नाही. आंधळा पिता शाप देतो, पुढे पुत्रशोकाने दशरथ प्राण सोडतो, आणि हिशेब पुरा होतो. आमच्याकडील पहिल्या कादंबऱ्यांनीही हा हिशेब सोडला नव्हता. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या १८६१ सालच्या ‘मुक्तामाले’त सुष्टांचा जय आणि दुष्टांचे पारिपत्य झाल्याखेरीज ग्रंथ मिटत नाही. आधुनिक कादंबरीत शाप देणारा कोणी उरलेला नाही, आणि न्यायाधीशाचे काम फार लवकर आटोपते. मग अपराधाचे पुढे काय होते? या प्रश्नाचा उगम शोधताना आम्हांस एका आगबोटीपाशी जावे लागले.

‘जेद्दा’ ही ती आगबोट. १८८० च्या जुलै महिन्यात सिंगापूर व पेनांग ही बंदरे सोडून ती हज यात्रेकरूंना घेऊन निघाली. यात्रेकरू साडेनऊशेच्या वर होते; त्यांत स्त्रिया होत्या, मुले होती. वाटेत हवा बिघडली, बॉयलर आपल्या बैठकीवरून ढिले झाले, आणि आत पाणी शिरू लागले. पाणी उपसण्याच्या कामी प्रवाशांचेही हात लागले होते. आफ्रिकेच्या पूर्व टोकाशी, ग्वार्डाफुई भूशिराच्या परिसरात, ८ ऑगस्टच्या रात्री उजाडण्यापूर्वी कप्तान क्लार्क, त्याची पत्नी, त्याच्या हाताखालचा पहिला अधिकारी ऑगस्टीन पॉडमोर विल्यम्स आणि आणखी काही मंडळी एका होडीतून निघून गेली. यात्रेकरू मागे राहिले.

‘सिंदिया’ नावाच्या बोटीने या मंडळींना उचलून १० ऑगस्टला एडनला आणले. ‘जेद्दा’ सर्व प्रवाशांसह बुडाली, अशी तार लंडनला गेली. प्रवासी मारावयास उठले होते, हेही कप्तानाने सांगून ठेवले. दुसऱ्या दिवशी, ११ तारखेस, ‘जेद्दा’ एडनच्या बंदरात आली! ‘अँटेनॉर’ नावाच्या बोटीने तिला वाटेत गाठले होते. त्या बोटीवरील अधिकारी तिच्यावर चढला आणि त्याने तिला यात्रेकरूंसह धक्क्याला आणून पोचविले. बुडाली म्हणून सांगितलेली बोट सांगणाऱ्याच्या डोळ्यांदेखत बंदरात येऊन उभी राहावी, असा प्रसंग एखाद्या नाटककाराने रचला असता तर आम्ही त्याला अतिशयोक्तीचा दोष दिला असता.

एडन त्या काळी मुंबई इलाख्याच्या कारभारात मोडत होते. चौकशी तेथेच झाली. कप्तानाचा दाखला तीन वर्षांपुरता काढून घेण्यात आला. विल्यम्सवर, कप्तानाला बोट सोडण्याच्या कामी भर दिल्याबद्दल, कडक ताशेरे बसले. साडेनऊशे जीव आणि तीन वर्षे! न्यायालय निष्ठुर नव्हते व भाबडेही नव्हते. त्याच्यापुढे जो प्रश्न होता त्याचे त्याने उत्तर दिले. दाखला कोणाकडे राहावा, हा तो प्रश्न. उडी मारणाऱ्याने उद्या सकाळी उठून कसे जगावे, हा प्रश्न कोणत्याही कायद्याच्या कलमात बसत नाही.

तो प्रश्न विचारला जोसेफ कॉनरॅड याने. जन्माने पोलिश, १८७८ पासून ब्रिटिश व्यापारी जहाजांवर नोकरी, आणि पूर्वेकडील बंदरांची चांगली माहिती. १८८३ साली तो सिंगापुरात होता. ‘जेद्दा’ची गोष्ट तेव्हा तेथे जुनी झालेली नव्हती. १८८४ साली तो आमच्या मुंबईतही होता. ‘नार्सिसस’ या शिडाच्या जहाजावर त्याने येथेच नोकरी धरली. पुढे १९०० साली ‘लॉर्ड जिम’ ही कादंबरी पुस्तकरूपाने निघाली. तिच्यातील ‘पाटणा’ बोट म्हणजे ‘जेद्दा’च, हे अभ्यासकांनी कागदपत्रांवरून दाखवून दिले आहे.

कॉनरॅडने जे बदलले ते मात्र पाहण्यासारखे आहे. प्रत्यक्षात शिक्षा कप्तानाला झाली. कादंबरीतील कप्तान चौकशीपूर्वीच पळून जातो आणि तरुण जिम एकटा न्यायालयासमोर उभा राहतो. ही उडी आपण मारली असे त्याला धड म्हणवत नाही. जणू ती दुसऱ्याच कोणी मारली आणि आपण होडीत सापडलो, अशा रीतीने तो बोलतो. चौकशीला बसलेल्या पंचांपैकी ब्रायर्ली हा नावाजलेला, निष्कलंक कप्तान. निकालानंतर थोड्याच दिवसांत तो स्वतःच्या बोटीवरून समुद्रात उडी घेतो. का, ते कोणालाच उमगत नाही. जिमला पाहताना त्याने आपल्या मनात काय पाहिले असेल? आमच्या मते साऱ्या कादंबरीत याहून भयंकर प्रसंग नाही. दुसऱ्याचा न्याय करावयास बसलेला माणूस घरी जाऊन स्वतःचा निकाल लावतो.

विल्यम्स आणि जिम हे दोघेही पाद्र्यांचे मुलगे. पण विल्यम्स सिंगापुरास परत गेला. जेथे प्रत्येकाला त्याची गोष्ट ठाऊक होती, नेमक्या त्याच गावी. येणाऱ्या जहाजांना लहान होडीतून सामोरे जाऊन कप्तानाचे गिऱ्हाईक आपल्या दुकानाकडे वळविणे, हे काम त्याने पत्करले. लग्न केले, मोठा संसार केला, आणि १९१६ साली तेथेच मरण पावला. कादंबरीतला जिमही हेच काम करतो, परंतु ‘पाटणा’चे नाव कोणी काढले की ते बंदर सोडून पुढच्या बंदराला जातो. मुंबईसुद्धा त्याने अशीच सोडली. इतिहासातला माणूस राहिला, कादंबरीतला पळाला. कॉनरॅडला पळणाराच हवा होता, हे उघड आहे. अपराधाला पाठलाग करावयास अंतर लागते. पण रोज सकाळी धक्क्यावर जाऊन, ओळखीच्या नजरा झेलीत, चाळीस माणसांना नमस्कार करणाऱ्या त्या विल्यम्सची कादंबरी कोणी लिहिली नाही, याची आम्हांस चुटपूट लागते.

जिम शेवटी पटुसान नावाच्या दूरच्या मुलखात जातो, तेथे मान मिळवितो, लोक त्याच्यावर विसंबतात. पुढे ब्राउन नावाचा लुटारू येतो. त्याला सुखरूप जाऊ द्यावे, काही अनर्थ झाला तर आपला जीव जामीन, असा शब्द जिम देतो. ब्राउन जाता जाता तेथल्या सरदाराच्या मुलाला मारतो. जिम पळत नाही. सरदारासमोर जाऊन उभा राहतो आणि गोळी झेलतो. पुष्कळ वाचकांना हे प्रायश्चित्त वाटते. आम्हांस ते तसे सरळ वाटत नाही. त्याच्यावर जीव लावणारी ज्युएल त्याला थांब म्हणत असताना तो निघून जातो, आणि ती त्याला कधीच क्षमा करीत नाही. पहिल्या वेळी आठशे यात्रेकरूंना टाकून गेला. दुसऱ्या वेळी एकीला. आपल्या मनाचे ऋण फेडताना त्याने ते दुसऱ्याच्या नावावर चढविले.

त्याच समुद्रातून मराठीतली एक बोट आलेली आहे. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ सालची. युरोपातून मुंबईकडे येणाऱ्या बोटीवर चक्रधर विध्वंस आणि हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा यांची गाठ पडते. मुंबई येते, चक्रधर उतरतो. हॅर्टा बोटीवरच राहून पुढे पूर्वेकडे जाते आणि वाटेत समुद्रात जीव देते. जिम काळोखात उडी मारून बोट सोडतो. चक्रधर दिवसाउजेडी शिडीवरून उतरतो. हातात रीतसर कागद, घरची माणसे, सामानाची मोजदाद. चौकशी बसावी असे काहीच घडलेले नाही. म्हणूनच त्या कादंबरीतली टोचणी आम्हांस जिमच्या टोचणीपेक्षा अधिक जवळची वाटते. आपल्यापैकी बहुतेकांनी कोणाला तरी सोडले असेल ते असेच, शिडीवरून.

यात्रेकरूंबद्दल बोलावयाचे राहिले. कॉनरॅडने त्यांना बोटीत झोपविले, दिव्यांच्या मंद उजेडात त्यांचे अंथरलेले देह दाखविले, आणि पुढे त्यांची फारशी विचारपूस केली नाही. त्यांच्यापैकी एकाचेही नाव वाचकाच्या लक्षात राहत नाही. आंधळ्या पित्याला निदान शाप देता आला होता. मात्र कादंबरीत सुकाणू धरणारे दोन मलाया खलाशी आहेत. गोरे अधिकारी उतरून गेले तरी ते चाकापाशी उभेच राहिले. साक्षीला बोलावल्यावर त्यांतला म्हातारा सांगतो की, गोऱ्या लोकांच्या जाण्यामागे काही गुप्त कारण असेल असे आपण समजलो. भीतीने ते गेले असतील, हे त्याच्या मनातही आले नव्हते. अनेक वर्षे समुद्रावर काढलेला तो माणूस. त्याला जहाजांची पुष्कळ नावे पाठ होती, ती तो न्यायालयात एकामागून एक सांगू लागला, आणि त्याला गप्प करण्यात आले.