थोडे सरपण, पुरेसे अन्न

श्रीगुरुचरित्राच्या अडतिसाव्या अध्यायातील भास्कर ब्राह्मणाची कथा आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. तिघांस पुरेल एवढा शिधा गाठीस बांधून हा दरिद्री भक्त गाणगापुरास आला, आणि श्रीनृसिंहसरस्वतींच्या कृपेने तेवढ्याच अन्नात चार हजार माणसे जेवून तृप्त झाली. या कथेचा भावार्थ अन्नदानाच्या अंगाने पुष्कळांनी सांगितला आहे. आज आम्ही तिच्याकडे चुलीच्या बाजूने पाहू इच्छितो. पाने उठली चार हजार, पण चूल पेटली ती तिघांच्या स्वयंपाकापुरतीच. थोड्या सरपणात पुष्कळ अन्न, ही गुरुकृपा सामान्य संसारी माणसाच्या वाट्यास येत नाही. तिच्या जवळपास जाण्यासाठी त्यास युक्तीच योजावी लागते. इकमिक कुकर, स्टोव्ह, बिनधुराची चूल, सूर्यचूल ही सारी त्या युक्तीचीच नावे होत. बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाप्रदेशात उभे राहून या साधनांचा इतिहास पाहिला, म्हणजे एक गोष्ट प्रकर्षाने ध्यानात येते. स्वयंपाक सोपा करणारी साधने आधी पोचली ती एकट्या पुरुषाकडे, प्रवाशाकडे आणि मोठ्या स्वयंपाकगृहांत. जिच्या डोळ्यांत रोजचा धूर जात होता, त्या गृहिणीची पाळी सर्वांत शेवटी आली.

प्रथम भूमीचा विचार करू. बीदरचे पठार तांबड्या जांभ्या दगडाचे, समुद्रसपाटीपासून सुमारे २२०० फूट उंच. शेजारचा कलबुर्गी जिल्हा म्हणजे तुरीचे कोठार. तेथील तूरडाळीस २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. जंगल थोडे असल्याने येथील खेड्यांत सरपण म्हणजे मुख्यत्वे शेतात उरलेल्या तुराट्या, कापसाच्या पऱ्हाट्या आणि गोवऱ्या. यात सृष्टीने एक विचित्र थट्टा करून ठेवली आहे. ज्या झाडाची डाळ शिजावयास फार वेळ घेते, त्याच झाडाची काटकी जळावयास अगदी थोडा वेळ घेते. तुराटी भडकन पेटते आणि पाहता पाहता विझते. म्हणून वरण होईतो बाईने चुलीपुढून हलता कामा नये. त्यातच उंचीमुळे येथील पाणी समुद्रकाठच्यापेक्षा दोनएक अंश आधी उकळते, आणि कित्येक विहिरींचे पाणी जड. त्यात डाळ लवकर मऊ होत नाही. समुद्रकाठच्या आमच्या कोकणी वाचकांस आपल्या रांदपात ही अडचण इतकी जाणवली नसेल. पठारावरच्या बाईचा मात्र अर्धा दिवस तीत जात असे.

राजघरी ही चिंता नव्हती. पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अहमदशहाने राजधानी गुलबर्ग्याहून बीदरास आणली. त्या किल्ल्यात शाही मतबख या नावाने ओळखली जाणारी वास्तू आजही दाखवितात. मतबख म्हणजे स्वयंपाकगृह. आपल्या मराठीतला मुदपाकखाना हा शब्द त्याच अरबी शब्दाचे रूपांतर होय. घरच्या बाईपाशी मुदपाकखाना नव्हता. तिच्यापाशी होती चूल आणि चुलीच्या शेजारची वैल. पुढच्या भांड्याखालची शिल्लक आच वैलाकडे वळते आणि तेथे ठेवलेले वरण हळूहळू शिजत राहते. वाया जाणारी उष्णता कामास लावण्याचे जे तत्त्व पुढे शास्त्रज्ञांनी मांडले, ते आमच्या आज्या-पणज्यांनी मातीत लिंपून ठेवले होते. पण धुरावर मात्र त्यांच्यापाशी उपाय नव्हता.

अशाच शिल्लक आचेचा भव्य प्रयोग पुरीच्या जगन्नाथमंदिरात पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. तेथे महाप्रसाद शिजविताना मडक्यावर मडके रचून खालच्या अग्नीचा व वाफेचा उपयोग वरपर्यंत करतात. कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांस ही रचना पाहूनच आपल्या कुकरची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. १९१० साली त्यांनी जो कुकर सिद्ध केला, तो इकमिक या नावाने हिंदुस्थानभर गेला. हायजिनिक व इकॉनॉमिक, म्हणजे आरोग्यकारक व काटकसरी, या दोन शब्दांची शेवटे जोडून हे नाव बनविले असे म्हणतात. रचना साधी होती. उभे नळकांडे, तळाशी कोळशाची लहान शेगडी, त्यावर पाणी, आणि आत एकावर एक बसविलेले डबे. एकात भात, एकात डाळ, एकात भाजी. कोळसा पेटवून झाकण लावावे आणि आपल्या कामास निघून जावे. कोळसा संपतो, आच विझते, आणि परत येईतो अन्न शिजून गरम राहिलेले असते. करपण्याची भीती नाही, राखण बसावयास नको.

या कुकराने मोठे उपकार केले यात संशय नाही. परंतु ते कोणावर? खोली करून राहणारा विद्यार्थी, बदलीच्या गावी एकटा असलेला कारकून, हातचे खाऊन सोवळे सांभाळणारा यात्रेकरू, यांस तो वरदान वाटला. ज्या घरी स्त्री होती तेथे त्याची गरज फारशी कोणास भासली नाही, कारण राखण बसावयास तेथे फुकटचे माणूस होतेच! हे वाक्य कठोर वाटेल. पण ते खोटे आहे असे आम्हांस म्हणवत नाही.

तिकडे स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट याने १८९२ च्या सुमारास हवेच्या दाबाने रॉकेलची वाफ करून जाळणारा स्टोव्ह काढला होता. प्राइमस या नावाने तो जगभर पसरला आणि आमच्याकडे पंपाचा स्टोव्ह म्हणून रूढ झाला. काजळी थोडी, आच प्रखर, आणि ओट्यावर उभ्याने काम. सनातनी घरांत मात्र वाद उभा राहिला. रॉकेलच्या आचेवरचे अन्न देवास चालेल काय? पुष्कळ ठिकाणी तोड अशी निघाली की चहा व मुलांचे दूध स्टोव्हवर, नैवेद्य चुलीवर. म्हणजे स्टोव्ह घरात आला तरी सोवळ्यातल्या बाईचा धूर चुकला नाही. पुढे तर ‘स्टोव्हचा भडका’ हे शब्द वर्तमानपत्रांत वारंवार येऊ लागले. त्यांतले कित्येक अपघात नव्हतेच, हे आता सर्वांस ठाऊक आहे. सोपे साधन घरात आले म्हणजे घर सुधारले, असे समजणाऱ्यांनी हे पान विसरू नये.

आता आमच्या प्रदेशाच्या अगदी जवळचा प्रयोग. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होईपर्यंत बीदर व गुलबर्गा हे जिल्हे हैदराबाद राज्यात होते. त्या राज्याच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉक्टर एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या चुलीचा अभ्यास केला. कोट्यवधींच्या बिनधुराच्या स्वयंपाकघरांविषयीची त्यांची इंग्रजी पुस्तिका १९५३ साली मद्रासेहून निघाली. ही चूल मातीचीच. एका तोंडातून सरपण घालावयाचे, आतल्या बोगद्यातून आच एकामागून एक भांड्यांखालून जावयाची, आणि उरलेला धूर धुराड्यातून छपरावर. ओढ कमीजास्त करण्यास मध्ये एक सरकती झडप. म्हणजे आमची वैलच, पण पाठीशी धुराडे बसविलेली! घरच्या बाईच्या डोळ्यांचा विचार येथे प्रयोगशाळेत झाला, म्हणून राजूंचे नाव आम्ही आदराने घेतो.

तरीही अशा चुली घरोघर सहजासहजी रुजत नाहीत, त्यास कारणे आहेत. चुलीची छिद्रे ठरावीक मापाची, घरची भांडी नाना मापांची. तुराट्या लांब, चुलीचे तोंड आखूड. म्हणजे आधी सरपण तोडीत बसा. धुराडे वेळच्या वेळी झाडले नाही तर सगळा धूर उलटा घरात. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे ज्वारीची भाकरी. भाकरी तव्यावर अर्धी होते. ती फुगते चुलीपुढच्या निखाऱ्यांच्या धगीला टेकल्यावर. बंदिस्त चुलीत ही निखाऱ्यांची जागाच नाहीशी होते. वरणभाताच्या मापाने आखलेल्या चुलीत भाकरीचा विचार राहून गेला, की त्या प्रांतातली बाई ती चूल चार दिवसांनी फोडणार, आणि तिचे चुकले असे म्हणता येणार नाही. पुढे बेंगळूरच्या भारतीय विज्ञानसंस्थेत ए. के. एन. रेड्डी यांच्या पुढाकाराने १९७४ साली अस्त्र नावाचे ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र निघाले. तेथे सिद्ध झालेली तीन भांड्यांची ‘अस्त्र ओले’ कर्नाटकात प्रसृत झाली. ओले म्हणजे कन्नडात चूल. साध्या चुलीत सरपणाच्या शंभर भाग उष्णतेपैकी दहापंधरा भागच अन्नास लागतात, बाकीचे वाऱ्यावर जातात. तो व्यय थोपविणे हाच या खटाटोपाचा हेतू.

दरम्यान दाबाचा कुकर आला होता. कल्पना जुनी; देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली लंडनला आपले वाफेचे पात्र दाखविले होते. आपल्या देशात अशा कुकरांचे कारखाने १९५९ च्या सुमारास सुरू झाले. उघड्या भांड्यात आच कितीही वाढविली तरी पाण्याची उष्णता उकळबिंदूच्या पुढे जात नाही, नुसती वाफ जाते. झाकण घट्ट करून वाफ कोंडली की ती उष्णता सुमारे १२० अंशांपर्यंत चढते. उंच पठारावरच्या, जड पाण्याच्या, तूरडाळीच्या प्रदेशास याहून योग्य साधन कोणते? ज्या घरी तो परवडला तेथे वरणाचे तास मिनिटांवर आले.

राहिला सूर्य. उघड्यावर उन्हात शिजविण्याचा प्रयोग आमच्या मुंबईतच फार लवकर झाला. सरकारी चाकरीतील विल्यम ॲडम्स या इंग्रजाने आरशांनी ऊन एकवटून सात शिपायांचे जेवण जानेवारी महिन्यात दोन तासांत शिजविले, आणि १८७८ साली त्यावर पुस्तक लिहिले. येथेही जेवणारे घरापासून दूर असलेले पुरुषच! १९५० च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने अंतर्गोल आरशाची सूर्यचूल काढली. पण भर उन्हात उभे राहून दर थोड्या वेळाने आरसा फिरवावयाचा, हे काम कोणती गृहिणी हौसेने करील? त्याहून काचेच्या झाकणाची काळी पेटी बरी. सकाळी डाळतांदूळ ठेवावेत, दुपारी काढावेत. तिच्यात भाकरी होत नाही व रात्रीचे जेवणही होत नाही, हे मात्र आधीच सांगावयास हवे.

गंमत अशी की सूर्याचा मोठ्या प्रमाणावर स्वीकार प्रथम देवस्थानांनी केला. तिरुमलेस २००२ साली १०६ आरसे बसवून त्यांच्या वाफेवर प्रसादभोजन शिजू लागले; आमच्या शिर्डीस २००९ साली ७३ आरशांची तशीच योजना झाली. ज्या मंदिरपरंपरेने रॉकेलच्या स्टोव्हास नैवेद्यापासून दूर ठेविले, तिने सूर्यास सहज आत घेतले. सूर्य हा देवच. त्यास कोण ओवळा म्हणणार? पुण्याच्या आरती या संस्थेत डॉक्टर आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्ध झालेला सराई कुकर तर इकमिकचाच वंशज. तेच रचलेले डबे, तीच वाफ. फरक इतकाच की तळाशी उसाच्या पाचटासारख्या शेतातल्या टाकाऊ मालापासून केलेल्या कोळशाच्या कांड्या. शंभर ग्रॅम कांड्यांत चारपाच माणसांचा वरणभात होतो. बीदर जिल्ह्यात ऊसही आहे आणि पाचटही. ते शिवारात जाळून टाकण्यापेक्षा हा मार्ग विचार करण्याजोगा आहे.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅसची शेगडी गरीब घरांतही पोचली. तरी टाकी भरावयास पैसे नसले, किंवा भाकरी व अंघोळीचे पाणी करावयाचे असले, की मागील दारची चूल पेटतेच. घरातल्या धुराने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे अकाली गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आकड्यापेक्षाही आमच्या वाचकांपैकी प्रत्येकास आपल्या घरातली एखादी वृद्धा आठवेल; खोकणारी, पाण्याने भरलेले डोळे पदराने पुसणारी.

बीदर जिल्हा हा अन्नदानाचा जिल्हा आहे. बसवकल्याणास शरणांच्या दासोहाची परंपरा, बीदरास गुरुनानक झिरा येथील लंगर, आणि हुमनाबादेजवळ माणिकनगरास श्रीमाणिकप्रभूंच्या संस्थानातील अन्नदान. पंक्तीत बसणाऱ्याची जात, गाव, धर्म विचारू नये, हे या भूमीने शिकविले. आता आणखी एक गोष्ट विचारावयास शिकले पाहिजे : हे अन्न कोणी शिजविले, आणि शिजविताना तिच्या डोळ्यांत काय गेले? भास्कराच्या कथेत श्रीगुरूंनी सर्वांस जेवविले, आणि रांधणारा भास्करही त्या पंक्तीबाहेर राहिला नाही. आमच्या घरोघरच्या पंक्तीसही तेवढे साधले, तर नैवेद्य खऱ्या अर्थाने देवास पोचला असे आम्ही म्हणू.