आरक्षणाच्या आधी बोर्डिंग आलं

ज्यांना बसमध्ये ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप.

शाहू महाराज म्हटलं की आपल्याला एक तारीख आठवते, २६ जुलै १९०२. त्या दिवशी करवीर गॅझेटमध्ये हुकूम छापून आला की यापुढे संस्थानात ज्या जागा रिकाम्या होतील, त्यातल्या निम्म्या मागासलेल्या वर्गांना द्यायच्या. महाराज तेव्हा राज्यारोहण समारंभासाठी इंग्लंडला गेलेले होते. स्पर्धा परीक्षेवाल्यांना हे पाठच असतं. मला मात्र आज त्याच्या सव्वा वर्ष आधीच्या एका तारखेबद्दल बोलायचंय. १८ एप्रिल १९०१. कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं.

बोर्डिंग म्हणजे राहायला खोली, जेवायला भाकरी आणि अभ्यासाला दिवा. यात इतिहास कसला, असं वाटेल. पण थोडा आकडा बघू. १८९४ साली शाहूंच्या हाती कारभार आला तेव्हा दरबारात ७१ अधिकारी होते. त्यातले ६० ब्राह्मण. उरलेल्या सगळ्या जातीजमातींचे मिळून ११. मग उद्या हुकूम काढला की निम्म्या जागा इतरांना द्या, तर त्या भरायच्या कुणी? लिहितावाचता येणारे उमेदवार हवेत. त्यासाठी हायस्कूल हवं, हायस्कूल कोल्हापुरात, आणि मुलगा राहतो तिकडे लांब, भुदरगड नाहीतर शाहूवाडीच्या एखाद्या वाडीत. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉब्लेम शेवटच्या स्क्रीनवर दिसत होता, पण अडलं होतं पार मागे.

शिकायला शहरात आलेल्या गरीब ब्राह्मण मुलासाठी एक जुनी व्यवस्था होती. वार लावून जेवणं. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी, असे आठवड्याचे सात वार सात घरी ठरलेले. कुणी माधुकरी मागायचा. त्यात अपमान गिळावा लागायचा, अर्धपोटी राहावं लागायचं, हे त्या पिढीच्या कितीतरी आत्मचरित्रांत आहे. तेव्हा ती चैन होती असं कुणी समजू नये. पण व्यवस्था होती. कुणब्याच्या, धनगराच्या, महाराच्या पोराला शहरात असं जेवायला घालणारं घर कुठलं? पोटासाठी गावाकडून बांधून आणलेली भाकरी किती दिवस पुरणार? फी माफ केली तरी हा प्रश्न सुटत नाही. कॉलेजला ॲडमिशन मिळाली, फी पण भरली, आणि रूमचं भाडं व मेसचे पैसे यांनी कंबर मोडली, हे आपल्यातल्या अनेकांना सांगायला नको. आजही वसतिगृहात नंबर न लागलेल्या मुलांसाठी सरकारला स्वाधारसारखी योजना चालवावी लागते, ती काय उगीच?

बरं, शाहूंनी थेट जातवार वसतिगृहं काढली असं झालं नाही. पहिला प्रयत्न सर्वांसाठी एकच वसतिगृह, असा होता. १८९६ मध्ये राजाराम कॉलेजला जोडून ते काढलं. दार सगळ्यांना उघडं. पण कारभार ज्यांच्या हातात होता ते एकाच जातीचे, आणि काही वर्षांत तिथे राहणारी मुलंही एकाच जातीची उरली. नियमात कुठेही कुणाला बंदी नव्हती, तरी असं झालं. मला या सगळ्या कथेतला सर्वात शिकवणारा भाग हाच वाटतो.

याच सुमारास वेदोक्त प्रकरण चालू होतं. १८९९ च्या कार्तिकात पंचगंगेवर महाराजांच्या स्नानाच्या वेळी पुरोहित वेदोक्त नव्हे तर पुराणोक्त मंत्र म्हणतोय, हे बरोबर असलेल्या राजारामशास्त्री भागवतांनी लक्षात आणून दिलं. का, तर महाराज शूद्र म्हणून. त्यावर पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत केवढा धुरळा उडाला, ते वेगळ्या भागात बोलू. इथे एवढंच की राजालाही सुटका नव्हती, तर वसतिगृहातल्या पंगतीत बसणाऱ्या पोराची काय कथा!

मग रस्ता बदलला. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैन बोर्डिंग. १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग, पुढे लिंगायत. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. मिस क्लार्क या मुंबईच्या गव्हर्नरच्या कन्या. त्याच वर्षी शिंप्यांसाठी नामदेव बोर्डिंग. नंतर सारस्वत, कायस्थ प्रभू, ख्रिस्ती, वैश्य, ढोर-चांभार, नाभिक... यादी लांबत जाते. पद्धत साधारण अशी, की समाजातल्या पुढाऱ्यांनी एकत्र यायचं, संस्था काढायची, वर्गणी जमवायची. दरबार जागा देणार, इमारतीला मदत करणार, सालीना अनुदान देणार. म्हणजे पोरांच्या शिक्षणाची जबाबदारी नुसती राजावर नाही, समाजावरही टाकली. राजकारणी डोकं आहे यात, आणि चांगल्या अर्थाने. मात्र ही सगळी यादी प्रामुख्याने मुलांची आहे. मुलींच्या राहण्याचा विचार या वेगाने झाला नाही, हेही नोंदवून ठेवायला पाहिजे.

आता खरा वादाचा मुद्दा. जात मोडायची आणि वसतिगृहं जातीची काढायची? हा आक्षेप तेव्हाही होता, आजही कमेंटमध्ये येणार, मला माहितीय. माझं मत असं, की १८९६ चा अनुभव पदरी असलेल्या माणसाला दुसरा पर्याय फारसा नव्हता. एका ताटात जेवायला कुणी तयार नव्हतं, आणि पोरं मोठी होत होती. जात संपेपर्यंत थांबा, मग शिका, हे त्यांना सांगणार कोण? पण किंमतही मोजावी लागली. ज्या भिंतींनी आसरा दिला, त्याच भिंतींनी कप्पेही पक्के केले.

याचा पुरावा एका विद्यार्थ्याच्या रूपात समोर आहे. जैन बोर्डिंगात राहणारा एक दांडगट मुलगा, भाऊराव पायगोंडा पाटील. सांगतात की मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो गेला, परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला सांगितलं, आणि त्याने साफ नकार दिला. बोर्डिंगचे प्रमुख होते अण्णासाहेब लठ्ठे, ज्यांनी पुढे शाहूंचं पहिलं मोठं चरित्र लिहिलं. लठ्ठ्यांशी बिनसलं आणि भाऊरावांना बोर्डिंग सोडावं लागलं.

हेच आपले कर्मवीर. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एकाच छपराखाली, एकाच पंगतीत. पैसे नसायचे. मुलं कामं करून खर्चाला हातभार लावायची, आणि धान्य संपलं तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. जे कोल्हापुरात १८९६ ला जमलं नव्हतं, ते इथे अठ्ठावीस वर्षांनी जमलं. शाहू ते बघायला नव्हते. ६ मे १९२२ रोजी ते गेले होते. १९२७ मध्ये गांधीजी साताऱ्याला आले, आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला नाव दिलं गेलं: छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. जातीच्या बोर्डिंगातून बाहेर पडलेल्या मुलाने जात न मानणाऱ्या बोर्डिंगला त्याच राजाचं नाव दिलं.

कोल्हापूरला कधी गेलात तर अंबाबाईचं दर्शन आणि तांबडा-पांढरा झाला की दसरा चौकात जरा थांबा. शाहूंचा पुतळा आहे, आणि त्याच्या आसपास जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, लिंगायतांचा चित्रदुर्ग मठ, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पुढच्या भागात वेदोक्त प्रकरण घेऊ, त्याला बहुतेक दोन भाग लागतील.