मंदीत मुसाफिरी करावी का?

मार्च संपत आला की शाळेच्या स्टाफरूममध्ये पेपर तपासता तपासता एक विषय हमखास निघतो : यंदा मे महिन्यात कुठे जाणार? दिवस बरे असले की चर्चा महाबळेश्वर, काश्मीर, उमरा अशी रंगत जाते. पण कुणाच्या भावाची नोकरी गेलेली, कुणाच्या दुकानात गिऱ्हाईक फिरकेनासं झालेलं, अशा वर्षी दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, अशा दिवसांत फिरायला जाणं ही निव्वळ उधळपट्टी. दुसरा म्हणतो, सगळेच घरात बसले तर टॅक्सीवाल्याने आणि लॉजवाल्याने खायचं काय? त्याच खोलीत तासिका तत्त्वावर काम करणारा एखादा तरुण शिक्षक गप्प बसलेला असतो. त्याला मे महिन्याचा पगारच नसतो. सुट्टी सगळ्यांना एकाच दिवशी लागते, परवडते मात्र थोड्यांनाच.

उर्दूत सुट्टीला ‘तातील’ म्हणतात आणि कामावरून निलंबित झालेल्या माणसाला ‘मुअत्तल’. दोन्ही शब्द एकाच अरबी धातूतून आले आहेत. काम थांबणं हा त्यांचा मूळ अर्थ. एकात माणूस स्वतः थांबतो, दुसऱ्यात त्याला थांबवलं जातं. मंदीच्या काळात ही दोन्ही भावंडं एकाच मोहल्ल्यात राहायला येतात. म्हणून ‘मंदीत सुट्टीवर जावं का’ हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. त्याचं उत्तर शोधायला १९३० च्या दशकात जावं लागतं. त्या मंदीने हा प्रश्न अनेक देशांपुढे एकाच वेळी टाकला होता.

१९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, हे शाळेच्या पुस्तकातही असतं. त्याची झळ आपल्याकडे शेतमालाच्या भावातून पोचली. कापूस गडगडला. खानदेश-वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या हातात पैसा उरला नाही, पण शेतसारा आणि सावकाराचं व्याज होतं तेवढंच राहिलं. १९३१ च्या सप्टेंबरात ब्रिटनने पौंडाचं सोन्याशी असलेलं नातं तोडल्यावर सोन्याचे भाव चढले आणि हिंदुस्थानातून सोन्याचा ओघ बाहेर सुरू झाला. त्यातलं बरंच सोनं बायकांच्या अंगावरचं होतं. ते मोडलं गेलं देणी फेडायला, फिरायला जायला नव्हे.

त्या काळात सामान्य मुसलमान कुटुंबात आयुष्यातला मोठा प्रवास एकच असे, हजचा. हज ही इबादत आहे, सहल नव्हे, हे आधीच स्पष्ट करतो. पण जहाजाचं तिकीट, मुक्काम, खाणंपिणं आणि वाटाड्या यांचा हिशेब करणाऱ्यासाठी तो प्रवासच होता. हिंदुस्थानी हाजींचं मोठं बंदर मुंबई. इथून ‘बॉम्बे अँड पर्शिया’ कंपनीच्या, म्हणजे पुढे मोगल लाइन म्हणून ओळखल्या गेलेल्या कंपनीच्या आगबोटी सुटत, कामरान बेटावर क्वारंटाइन होई आणि मग जिद्दा गाठली जाई. प्रवासी कंपन्यांचा इतिहास वाचणाऱ्यांना गंमत वाटेल, पण १८८६ मध्ये सरकारने हाजींच्या वाहतुकीची व्यवस्था थॉमस कुक या सहली काढणाऱ्या कंपनीकडेच दिली होती. ते काम काही वर्षांनी बंद पडलं.

जिद्दा आणि मक्केची अर्थव्यवस्था या मुसाफिरांवर उभी होती. प्रत्येक मुलखाच्या हाजींचे ठरलेले मुतव्विफ असत. ती घराणी पिढ्यानपिढ्या तेच काम करत. त्यांच्या मागे घरमालक, उंटवाले, पाणी वाहणारे, खाणावळवाले. राज्याचा खजिनाही हाजींकडून मिळणाऱ्या करांवर आणि शुल्कावर चाले. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात परदेशातून येणाऱ्या हाजींची संख्या चांगल्या वर्षी एक लाखाच्या घरात जाई. सगळ्यात मोठा जथा जावा-सुमात्राकडचा. १९२७ च्या हजला डच ईस्ट इंडीजमधून पन्नास हजारांहून अधिक लोक आले होते. मंदीत रबर आणि साखरेचे भाव पडले आणि १९३३ मध्ये तिकडून आले जेमतेम दोन-अडीच हजार. एकूण आकडा वीस हजारांच्या आसपास उतरला.

पाच-सहा वर्षांत गिऱ्हाईक एक पंचमांशावर आलं तर कुठल्याही बाजारपेठेचं काय होईल? अब्दुल अझीझ इब्न सऊद यांच्या सरकारला देणी थांबवावी लागली, नोकरांचे पगार थकले. अशा अडचणीत २९ मे १९३३ रोजी अर्थमंत्री अब्दुल्ला सुलेमान यांनी जिद्द्यात कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीबरोबर तेलाच्या करारावर सही केली. सुरुवातीला हातात पडले ३५ हजार सोन्याचे पौंड, कर्ज आणि पहिल्या वर्षाचं भाडं मिळून. तेल मंदीमुळे सापडलं असं नाही. ते दम्मामच्या सातव्या विहिरीत १९३८ मध्ये लागलं. पण सौदा उरकण्याची निकड रिकाम्या खजिन्याने आणली होती. हाजी येत राहिले असते तर करार कदाचित वेगळ्या अटींवर झाला असता. आणि तेलाचा खरा पैसा यायला दुसरं महायुद्ध संपावं लागलं. मधल्या वर्षांत पाणी वाहणाऱ्याच्या घरी काय शिजलं असेल, याची नोंद करारनाम्यात नसते.

आता दोषी कोण? जावामधला रबर पिकवणारा शेतकरी हजला आला नाही म्हणून मक्केतला उंटवाला उपाशी राहिला. तरी त्या शेतकऱ्याला कुणी गुन्हेगार म्हणणार नाही. कुरआनाने हज फर्ज केला तो ज्याला तिथवर जाण्याची ऐपत आहे त्याच्यावर. या ऐपतीला ‘इस्तिताअत’ म्हणतात. फुकहांनी तिचा अर्थ बारकाईने लावला आहे : देणी फेडून, आपण परत येईपर्यंत घरच्यांच्या खर्चाची सोय करून, वर जे उरतं त्यात प्रवास होत असेल तर ऐपत आहे. नसेल तर फर्जच नाही, मग गुन्हा कसला? तरीही पुरेसे पैसे न घेता निघालेले आणि जिद्द्यात अडकून पडलेले हिंदुस्थानी हाजी इतके असत, की १९२५ च्या कायद्याने परतीचं तिकीट किंवा तेवढी अनामत आधीच भरणं सक्तीचं करावं लागलं.

ज्या प्रवासाला धर्मात इतकं मोठं स्थान आहे, त्यालाच कर्ज काढून जाण्याची सक्ती नाही. मग मनाली-गोव्यासाठी हप्त्यावर पैसे उचलणाऱ्याने कुणाचा दाखला द्यायचा? मराठीत तर म्हणच आहे, ऋण काढून सण करू नये.

इथे दुसऱ्या पक्षाचं म्हणणं ऐकायला हवं, कारण त्यांच्या बाजूने एक मोठा माणूस उभा आहे. १९३१ च्या जानेवारीत अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी ब्रिटिश रेडिओवरून गृहिणींना आवाहन केलं, की बाहेर पडा, बाजारात जा आणि खरेदी करा. त्यांचा मुद्दा सरळ होता. माझा खर्च म्हणजे दुसऱ्याची कमाई. भीतीपोटी सगळ्यांनीच हात आखडला तर सगळ्यांचीच कमाई आटते आणि शेवटी बचतही होत नाही. हिजाजची गोष्ट याच नियमाचं उदाहरण आहे. पण केन्स यांचं बोलणं अर्धवट ऐकू नये. पगार हातात असूनही केवळ धास्तीने तो दाबून ठेवणाऱ्यांना त्यांनी हे सांगितलं होतं. ज्याच्याकडे खर्चायला काही नाही त्याची जबाबदारी ते सरकारवर टाकत होते. सार्वजनिक कामं काढा, लोकांच्या हाताला काम द्या, हा त्यांचा आग्रह होता.

त्याच ब्रिटनमध्ये लँकेशायरच्या गिरणी कामगारांनी या प्रश्नावर स्वतःचा तोडगा काढलेला होता. तिथल्या प्रत्येक गावाचा उन्हाळ्यात एक ठरलेला आठवडा असे. त्या आठवड्यात गिरण्या बंद, दुकानं बंद, आणि सारा गाव आगगाडीने समुद्रकाठच्या ब्लॅकपूलला. या सुट्टीचा पगार मिळत नसे. म्हणून कामगार वर्षभर दर आठवड्याला थोडी थोडी रक्कम बचत मंडळात टाकत आणि सुट्टीच्या तोंडावर ती उचलत. आपल्या मोहल्ल्यांतल्या भिशीला हे सांगायला नको. याच लँकेशायरला मंदीने, मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांनी आणि स्वदेशीच्या बहिष्काराने जबर तडाखा दिला होता. १९३१ मध्ये गांधीजी तिथे जाऊन कामगारांना भेटून आले. हजारो लोक बेकार होते, तरी ब्लॅकपूल ओस पडलं नाही. ज्यांचं काम टिकलं होतं त्यांच्यासाठी वस्तूंचे भाव पगारापेक्षा जास्त उतरले होते आणि साठवलेले पैसे गाठीशी होते. मंदी सगळ्यांना सारखी लागत नाही, ही गोष्ट आपण चर्चेत विसरतो.

मग ज्याला सक्तीची सुट्टी मिळाली त्याचं काय? व्हिएन्नाजवळच्या मारियनथाल गावातली कापड गिरणी मंदीत बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे राहून केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. वाटलं असतं की हाती वेळ आला, आता लोक वाचतील. पण गावच्या वाचनालयातून पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. माणसं रस्त्याने चालायचीसुद्धा हळू. कामाचा आधार गेल्यावर मोकळा वेळ खायला उठतो. ‘तातील’ आणि ‘मुअत्तल’ यांतला फरक या गावाइतका स्पष्ट क्वचितच दिसेल.

हा फरक कायद्याने मान्य केला तो मंदीतच. १९३६ च्या मे-जूनमध्ये फ्रान्सच्या कारखान्यांत संपाची लाट आली आणि लेओं ब्लूम यांच्या सरकारने २० जूनच्या कायद्याने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. त्याच उन्हाळ्यात मंत्री लेओ लाग्रांज यांच्या पुढाकाराने रेल्वेचं सवलतीचं तिकीट निघालं आणि लाखो कामगार कुटुंबं त्यावर बाहेर पडली. अनेकांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. देश अजून मंदीतच होता. मालक म्हणत होते की ही चैन परवडणार नाही. ब्रिटननेही १९३८ मध्ये भरपगारी सुट्टीबाबत कायदा केला. हिंदुस्थानात कारखाना कायद्यात भरपगारी सुट्टी आली १९४५ च्या दुरुस्तीने, आणि १९४८ च्या कायद्याने दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची रजा ठरवली. आज आपण जिला हक्काची रजा म्हणतो तिचं मूळ पडत्या काळातल्या भांडणात आहे.

आपल्या जवळचं एक उदाहरण मात्र उलट आहे. मुंबई-पुण्याची डेक्कन क्वीन सुरू झाली १ जून १९३० रोजी, म्हणजे ऐन मंदीत, तीही आठवड्याच्या अखेरीस धावणारी. तिला फक्त पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे डबे होते. तिसऱ्या वर्गाला तिच्यात जागा मिळाली ती १९५५ मध्ये. कापूस पडला, गिरणीत कपात झाली, पण शनिवार-रविवार पुण्याला जाणारे होतेच. मंदीत सुट्टी थांबत नाही. ती फक्त वरच्या डब्यात जाऊन बसते.

अलीकडचा दाखलाही आहे. २०१९ च्या हजला सुमारे पंचवीस लाख माणसं होती. २०२० मध्ये महामारीमुळे सौदीत राहणाऱ्या मोजक्या लोकांनाच परवानगी मिळाली आणि मक्केने पुन्हा एकदा रिकामे रस्ते पाहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपल्या केंद्र सरकारने कर्मचाऱ्यांच्या प्रवास सवलतीचे पैसे खरेदीसाठी वापरू दिले, कारण बाजारात पैसा फिरायला हवा होता. सुट्टीचा खर्च म्हणजे दुसऱ्याची मजुरी, हे सरकारनेही अशा रीतीने मान्यच केलं.

मग यंदा जावं का? मला वाटतं, हा प्रश्न ‘मंदी आहे का’ असा विचारूच नये. ‘माझी इस्तिताअत आहे का’ असा विचारावा. पगार नियमित आहे, देणी फिटली आहेत, घरच्यांची सोय आहे आणि पैसे भिशीत साठवलेले आहेत, तर केवळ दिवस वाईट म्हणून घरी बसण्यात कसलंही पुण्य नाही. लांबचं नको तर जवळ जा. राजपुरीच्या धक्क्यावर जंजिऱ्याला नेणारा होडीवाला तुमची वाट पाहतोच आहे. फक्त त्याची अडचण ओळखून भाव पाडू नका. मंदीत मुसाफिराकडून यजमानाला मिळणारा आधार त्या दोनशे रुपयांच्या घासाघिशीत संपतो.

आणि ज्याची ऐपत नाही, त्याने कुणापुढे मान खाली घालण्याचं कारण नाही. मुलांना मामाच्या गावाला पाठवलं तरी ती सुट्टीच असते. त्यांच्या वहीतला ‘माझी सुट्टी’ हा निबंध त्यावर उत्तम उतरतो, हे मी दरवर्षी जूनमध्ये तपासतो. उरतो तो तासिका तत्त्वावरचा तरुण. त्याला फिरायला जाण्याचा किंवा न जाण्याचा सल्ला देण्याआधी, त्याच्या मे महिन्याच्या पगाराबद्दल आपण कायम नोकरीवाल्यांनी कधी तोंड उघडलं का? फ्रान्समधल्या कामगारांना ती रजा कुणी दान दिली नव्हती. ज्यांचं काम टिकून होतं तेही संपात उतरले होते.